मंगळवारची सावली

रजिस्टरचं हे नवं पान मितेश लिहिणारच नव्हता. कंपनीच्या ऑफिसातून विद्याधर सरांचा तिसरा फोन आला तेव्हा कुठे त्याने पेन उचललं. आणि आता ते पान घेऊन तो हॉस्पिटलात नंद्याच्या कॉटपाशी उभा होता.

"दोन सह्या पाहिजेत यार तुझ्या. सोमवारची आणि मंगळवारची."

"दे ना," नंद्या म्हणाला. शब्द जिभेवरून घरंगळत आले, प्यायल्यासारखे. नंद्या जन्मात कधी प्यायला नव्हता.

नंद्या पवईतल्या एका टॉवरला बाहेरून रंग मारायचा, दोरीच्या झुल्यावर बसून. मितेश तिथला सुपरवायझर. दोघं घाटकोपरच्या एकाच चाळीत वाढलेले. एप्रिलमध्ये ऑफिसातून रजिस्टर आलं होतं: ऊन फार आहे, बारा ते चार सगळ्यांना सावलीत बसवा, सह्या घ्या. मितेशने ते सोपं करून टाकलं. सोमवारी सकाळी चहाबरोबर सहाही दिवसांच्या सह्या एकदम. मग दुपारभर काम चालू. पोरं हसायची, "काय साहेब, आज सावलीत झोप मस्त लागली ना आम्हाला?"

त्यातल्याच एका मंगळवारी दुपारी दोन वाजता नंद्या अकराव्या मजल्यापाशी झुल्यावरच बेशुद्ध झाला. खाली उतरवला तेव्हा अंग नुसतं भाजत होतं. उष्माघात, डॉक्टर म्हणाले. मेंदूला इजा झालीय.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. माणूस सावलीत होता, सही आहे, आमची जबाबदारी नाही. घोळ एकच होता. रजिस्टरात बुधवारीही नंद्या बारा ते चार सावलीत बसला होता. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारीसुद्धा. स्वतःच्या वळणदार सहीने. तेव्हा तो आयसीयूत होता.

उद्या लेबर ऑफिसर येणार होता. "त्याच्याआधी पान बदल," सर म्हणाले होते. "अक्षर तुझं आहे. पहिला तूच अडकशील." नव्या पानावर बाकीच्यांच्या सह्या मिळाल्या होत्या.

विनिताने नवऱ्याच्या पाठीला उशी लावली, पानाखाली ताट धरलं. नंद्याच्या हातातलं पेन सरकलं आणि रेघ ताटावर गेली. दुसऱ्यांदाही तेच.

"अंगठा चालेल का हो भाऊजी? भरपाईचा कागद आहे ना?"

मितेशने ताटावरची रेघ बोटाने पुसली.

"ए, शाळेत तुझ्या प्रगतीपुस्तकावर तुझ्या बापाची सही कोण करायचं?" नंद्या हसला. "मी. आता माझी तू कर."

मितेशने पेन घेतलं. टोपण लावलं.

"मी सावलीत होतो ना रे?" नंद्याने विचारलं. "ते सर आलेले. बोलले, सावलीत बसल्या बसल्या पडलास. मला काय आठवत नाय."

विनिता ग्लासात पाणी ओतत होती.

"नाय रे. झुल्यावर होतास. पाणी संपलं, खाली येतो, असा फोन केलास मला. मी म्हटलं, एवढी पट्टी मारून ये."

पाणी ग्लासाबाहेर सांडलं. विनिता ओढणीने टेबल पुसू लागली. कोरडं झालं तरी पुसत राहिली.

"मग मी काय बोललो?" नंद्याने विचारलं.

"बोललास, तू सांगतोस तर मारतो."

मितेशने नवं पान विनितासमोर धरलं. "हे खोटं पान पुराव्याला तुमच्याकडे ठेवा, वहिनी. अक्षर माझं आहे. उद्या ऑफिसरला जुनं पान मी दाखवतो."

विनिताने पान घेतलं. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मित्या," नंद्या म्हणाला, "उद्या मी विसरणार हे. सकाळचं पण राहत नाय डोक्यात. कोणी येईल आणि परत मला सावलीत बसवेल."

"मी येऊन सांगेन."

"रोज?"

"रोज," मितेश म्हणाला. "आणि मी काय म्हटलं होतं, ते पण."