फक्त नंबर सांगा

पोलादपूरच्या मंगल कार्यालयात त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बिरवाडीहून पाळी संपवून तसेच आलेले कामगार होते, महाडहून जीप करून आलेल्या बायका होत्या, उमरठच्या बाजूची सकाळची एसटी तर दारातच रिकामी झाली होती. व्यासपीठावर अंतर्ज्ञानी महाराज बसले होते. डोळे मिटलेले, आणि मे महिन्याच्या उकाड्यात डोक्यावर लोकरीची कानटोपी. आम्ही सगळे घामाने निथळत होतो. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बगा, देहाची शुद्ध नाय त्यांना."

"नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, दुखणं तर मुळीच सांगायचं नाही!" सेवेकरी माइकवरून बजावत होता. "सांगून कळलं तर त्यात महाराजांचं काय? दारातल्या टेबलावर फक्त मोबाइल नंबर सांगा. बोलावलं की पुढे या, मौन पाळा. बाकी महाराज बघतील."

मी हर्षद. एसटी स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. खरं सांगायचं तर मी टवाळी करायलाच गेलो होतो. पण तुळसा पुढे झाली आणि माझं हसू थांबलं.

तुळसा उमरठच्या वरच्या धनगरवाड्यातली. वय तिशीच्या आसपास, दोन मुलांची आई, नवरा सोनबा खाली दूध घालतो. तिला फिट येते. ही गोष्ट त्या घराने सहा वर्षं जपून ठेवली होती. वाडीबाहेर ती महाडच्या डॉक्टरांना ठाऊक होती आणि मला, कारण तिच्या गोळ्या माझ्याकडून जायच्या.

महाराजांनी डोळे मिटूनच हात वर केला. "तुळसा... ये मुली. डोंगर उतरून आलीस. तुझ्या डोक्यात वीज चमकते आणि तू कोसळतेस. सकाळी एक, संध्याकाळी एक, सहा वर्षं गोळी गिळतेस. खरं की नाही?"

ती नुसतीच रडायला लागली. सभागृहात जयजयकार उठला.

"मग सहा वर्षांत रोग गेला का?" महाराजांनी आवाज चढवला. "कसा जाईल? रोगाला खाऊ कोण घालतंय? गोळी! गोळी खाते तोवर रोगही जेवतो! उपाशी ठेव त्याला. आजपासून गोळी बंद. अकरा मंगळवार ये आणि हा अर्क घे."

माझ्याही अंगावर काटा आला, हे कबूल करतो. पण काटा गेल्यावर जी भीती उरली ती वेगळी होती. फिटची गोळी एकदम तोडली तर झटका पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डोंगरावर, गुरांमागे, चुलीपाशी वावरणाऱ्या बाईला तर पडायला बरी जागाच नसते.

सोनबा तिला गोळी सोडू देणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. दर महिन्याच्या वीस तारखेला तुळसा गोळ्या न्यायला यायची. ती आली नाही. एकवीस गेली, बावीस गेली. दुकानात गिऱ्हाईक काही मागत असलं तरी माझं लक्ष स्टँडवर उतरणाऱ्यांकडे. शेवटी सोनबाला फोन लावला.

"गोळ्या बंद केल्या, हर्षदभाऊ," तो म्हणाला. "महाराजांनी सांगितलंय. काल जरा पडली ती. गवताचा भारा घेऊन येत होती. कपाळाला चार टाके घातलेत."

"आणि तरी बंद?"

"ती म्हणते, रोग जाताना एकदा लाथ मारून जातो. महाराज बोललेत तसं."

लबाडीची ही तऱ्हा बघा. बरं वाटलं तर महाराजांचा प्रताप, डोकं फुटलं तर रोगाची लाथ. माणूस मेला तर तेही कुणाच्या तरी पूर्वजन्मावर घालून हे दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला मोकळे.

दुसऱ्याच दिवशी दुकानात चांगूनाना शिरले. तेही त्याच धनगरवाड्यातले. सत्तरीचे, मिशा कानापर्यंत, आणि रागाने लाल.

"हर्षदभाऊ, खरं सांग. मी बाय दिसतो काय रे?"

शाळेला सुट्टी असल्यामुळे माझी बायको स्नेहल दुकानात होती. ती इथल्या हायस्कुलात गणित शिकवते. तिने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं.

"गुडघ्यासाठी गेलो महाराजांकडं," नाना सांगू लागले. "हात जोडून उभा ऱ्हायलो. तर डोळे मिटून म्हनतो कसा, 'तुळसा, मुली, गोळी सोडलीस ना? आता फिट येनार नाय.' मी खाकरलो, तवा डोळा किलकिला करून बगितलान. मग म्हनतो, 'तुझ्यामागून त्या तुळसाची छाया आली रे.' आन लोकांनी टाळ्या वाजवल्या! टाळ्या!"

मी हसलो. स्नेहल हसली नाही.

"नाना, तुम्ही तिथं काय सांगितलंत?"

"काय बी नाय. नंबर मागितला, तो दिला."

"कुणाचा?"

"सोनबाचा. आमचा कुठला फोन? वाडीत रेंज त्याच्याच गोठ्यात येते. मेढीच्या खांबाला टांगलेला असतो फोन. कुनाचा निरोप आला की सोनबा हाळी घालतो."

स्नेहल उठली, काउंटरवरच्या माझ्या कॉम्प्युटरपाशी गेली आणि सोनबाचा नंबर टाकला. पडद्यावर आलं: तुळसा सोनबा. खाली फिटच्या गोळ्या, सहा वर्षांच्या. त्याखाली चांगूनानांचं गुडघ्याचं तेल, कुणाचं रक्तदाबाचं, कुणाच्या लोहाच्या गोळ्या. आख्खा धनगरवाडा एका बाईच्या नावावर.

ते माझंच काम होतं. आरोग्यतारा नावाच्या कंपनीने मला बिलाचं सॉफ्टवेअर फुकट दिलं होतं. जुनी सगळी बिलंही त्यांच्या माणसानेच आत भरून दिली. त्यात मोबाइल नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही. वाडीवर फोन नाहीत म्हणून मी सगळ्यांना सोनबाचा नंबर लावून टाकला, आणि त्या नंबरवर पहिलं नाव तुळसाचं होतं. एका नंबरला एक नाव, एवढंच त्या यंत्राला कळतं.

"फुकट का देतात, हे विचारलंस कधी?" स्नेहलने विचारलं.

"नाही."

तिने नियम आणि अटी उघडल्या. मी दोन वर्षांपूर्वी न वाचता 'मान्य' दाबलं होतं. सहयोगी संस्थांशी माहिती वाटून घेण्यास दुकानदाराची संमती आहे, असं तिथं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. खाली सहयोगींची यादी होती. एक विमा एजन्सी, जिला आजारी कोण हे आधी कळलं तर कुणाच्या दारी जायचं नाही ते कळतं. एक तपासणी लॅब, जिला साखरेचं गिऱ्हाईक इतर लॅबच्या आधी गाठता येतं. आणि आठव्या क्रमांकावर अंतर्ज्ञान सेवा परिवार. महाराजांच्या अर्काची बाटली चांगूनानांच्या पिशवीत होती. तिच्यावर बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव होतं: आरोग्यतारा. कंपनी महाराजांना आमची दुखणी पुरवत होती आणि महाराज कंपनीचा अर्क खपवत होते.

"म्हंजे देव नाय बोलत?" नानांनी विचारलं.

"नाना, तुमच्या वाडीबद्दल हर्षद बोलला," स्नेहल म्हणाली. तिचं म्हणणं मला झोंबलं, कारण ते खरं होतं.

आम्ही दोघं त्याच दुपारी वर गेलो. तुळसा ओटीवर बसली होती, कपाळाला पट्टी. मी सगळं सांगितलं, कॉम्प्युटर, कंपनी, यादी. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, तुमाला तर मी दर बारीला सांगते कुठली गोळी ते," ती म्हणाली. "त्यांना मी शबुद नाय बोलले. तरी कळलं. आता तुमच्यावर इस्वास ठेवू का त्यांच्यावर?"

दोघांवरही ठेवू नकोस, असंच म्हणायला हवं होतं.

ते स्नेहलने म्हटलं. "कुणावरच ठेवू नको, तुळसा. तूच तपास. जगात नाही असं एक माणूस आपण यंत्रात घालू. नाव तू सांग, दुखणं तू सांग. माझ्याकडे दुसरा एक नंबर आहे, तो त्याला लावू. येत्या मंगळवारी तो नंबर घेऊन तू जा. महाराजांना मनातलं दिसत असेल तर ते तुला तुळसाच म्हणतील."

तुळसाने विचार केला. मग गोठ्याकडे बघून तिच्या ओठांवर हसू आलं.

"चंद्रीला घाला."

"अगो!" सोनबा ओरडला.

चंद्री गोठ्यात रवंथ करत उभी होती. दोन महिन्यांपूर्वी व्यालेली म्हैस, दूध म्हणावं तसं उतरत नव्हतं. स्नेहलने गोठ्यात, रेंज येते तिथं उभं राहून मोबाइलवरच दुकानाचं बिल उघडलं. नाव, चंद्री. बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात ते चूर्ण, एक डबा. सोबत कॅल्शियम.

"वय?"

"सात."

"पंचवीस लिहिते."

"महाराजांचं खोटं निघालं तर गोळी घेईन," तुळसा म्हणाली. "खरं निघालं तर तुमी परत डोंगर चढायचा नाय."

मंगळवारला चार दिवस होते. तोवर एक गोळी तरी घे, म्हणून मी हात जोडले, पण ती ऐकेना. ते चार दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सोनबाने तिला चुलीपाशी जाऊ दिलं नाही, कड्याकडे जाऊ दिलं नाही. मी दिवसातून तीनदा फोन करायचो. सोमवारी तिला बारीकसा झटका येऊन गेला. तरी तिचं उत्तर तेच, उद्या बघू.

मंगळवारी आख्खा धनगरवाडा खाली उतरला; मी आणि स्नेहलही सभागृहात होतो. तुळसाने टेबलावर स्नेहलचा नंबर सांगितला. तासाभराने तिला पुढे बोलावलं. महाराजांनी डोळे मिटूनच हात वर केला.

"चंद्री... ये मुली."

वाडीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. तुळसा मात्र दगडासारखी उभी होती.

"दोन जिवांची काळजी तुला," महाराजांना चेव आला. "अंगावरचं बाळ आहे. दूध पुरत नाही त्याला. त्याचं रडणं इथवर ऐकू येतंय मला! आणि नवरा? त्याचं लक्षच नाही तुझ्याकडे!"

"महाराज," तुळसाने मौन मोडलं, "नवरा रेडा हाय. तो कशाला लक्ष देल?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून चांगूनाना गरजले, "चंद्री आमची म्हस हाय रे!"

हशाने छप्पर हललं. पण महाराज मुरलेले होते. "मुक्या जिवाची हाक होती ती!" त्यांनी दोन्ही हात उभारले. "गोमाता असो, म्हैस असो, माझ्याकडे सगळे सारखे!" आणि सांगायला लाज वाटते, पुढच्या रांगेतल्या काही जणांनी पुन्हा जयजयकार सुरू केला.

तुळसा हलली नाही. "म्हशीचं कळलं. आता माजं नाव सांगा. मी म्होरं उभी हाय."

महाराज थांबले. हीच बाई पंधरा-वीस दिवसांपूर्वी त्यांच्यासमोर रडली होती, पण डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी डोकं किंचित कलतं केलं. काही सेकंद गेले, मग आणखी काही. महाराजांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं, आणि ती कोण हे त्यांना ठाऊक नाही हे सगळ्यांना दिसलं.

चांगूनानांनी व्यासपीठावर चढून कानटोपी ओढली. कानात करंगळीच्या पेराएवढं यंत्र होतं. नानांनी ते माइकपाशी धरलं आणि त्यातून बारीक आवाज आला, "चंद्री, महाराज, चंद्रीच आहे... कॅल्शियम पण घेते..." तोवर स्नेहलने व्यासपीठामागचा पडदा बाजूला केला होता. आत एक सेवेकरी मांडीवर टॅब घेऊन बसला होता. टॅबवर चंद्री, वय पंचवीस.

मग माइक मी घेतला. "यात देव नाही, विद्या नाही," मी म्हणालो. "दारात तुम्ही नंबर देता, त्या नंबरवर तुमची औषधं निघतात, ती यांच्या कानात वाचली जातात. आणि ती यांच्यापर्यंत माझ्या दुकानातून गेली."

"म्हणजे आमची दुखणी तू विकलीस?" कुणीतरी ओरडलं.

"विकली नाहीत. न वाचता फुकट दिली."

त्या दिवशी मला शिव्या बसल्या आणि त्या माझ्या हक्काच्या होत्या. पोलिसांत जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, तीत माझ्या दुकानाचं नावही लिहिलं. ते सॉफ्टवेअर मी काढून टाकलं.

तुळसा सभागृहातून थेट दुकानात आली. महाडच्या डॉक्टरांना फोन लावून गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते विचारलं आणि पहिली गोळी तिने माझ्यासमोरच पाण्याबरोबर घेतली. मला वाटलं, सुटलो.

"भाऊ," पाकीट कमरेला खोचत ती म्हणाली, "त्यांच्याकडं गेलेलं माजं दुखनं आता परत येतं काय?"

"नाही, तुळसा. ते येत नाही."

तिने मान हलवली आणि एसटी गाठायला निघून गेली.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. न सांगता मनातलं ओळखणारा अजून कुणी जन्मला नाही. तुमचं गुपित दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंत तर हात जोडू नका, आठवा, हे मी कुठं बोललो होतो, कुठल्या कागदावर लिहिलं होतं, कुणाला नंबर दिला होता. नंबर मागणाऱ्याला विचारा, कशाला हवा. फुकट देणाऱ्याला विचारा, का देतोस. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. चमत्काराच्या मागे कुणीतरी सांगणारा असतोच, आणि तो दरवेळी लबाड असतो असं नाही. तुळसाच्या बाबतीत तो मी होतो.