पुढून पाय काढा

मी कल्याणीची सायकल. माझा आवाज म्हणजे घंटी, आणि तीही दुसऱ्या कुणी वाजवली तरच. तरी आज बोलते. आज सकाळी या पार्किंगमधून बाहेर पडले, तेव्हा परत इथेच येईन की भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाईन, हे मला माहीत नव्हतं.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. वेल्डिंगचा चटका आणि रंगाचा वास, एवढंच. समज आली ती नाना पेठेतल्या दुकानात, छताला टांगलेली असताना. माणसं मान वर करून बघत आणि शेजारच्या गिअरवालीकडे बोट दाखवत. मला आडवा दांडा नाही. समोरची नळी खाली वाकलेली, 'लेडीज सायकल' म्हणतात तसली.

कल्याणीने मला उतरवून घेतलं तेव्हा तिचे केस पिकायला लागले होते. दुकानदाराने विचारलं, "मुलीसाठी का?"

"मुलगी स्कूटर चालवते. ही मला," ती म्हणाली.

डहाणूकर कॉलनीत सोसायटीत आणल्यावर तिने माझ्या कॅरियरवर भाजीवाल्याकडचं एक निळं कॅरेट तारेने आवळून बसवलं. ते पुस्तकांसाठी. दर शनिवारी सकाळी ती घरातलं एक पुस्तक घेऊन कर्वेनगरला अमिनाबींकडे जायची. कल्याणी शिकवायची त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गुडघे गेलेले, घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. कल्याणी खाली थांबून घंटी वाजवायची. गॅलरीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी हेलकावे खात खाली यायची. वाचलेलं पुस्तक काढायचं, नवं ठेवायचं. कल्याणी माझ्यावरून उतरायचीही नाही. एक पाय जमिनीवर टेकवून बोलत राहायची. वरून पुस्तकाची निंदा, खालून त्याची बाजू. सगळी गल्ली ऐकायची.

तिचे मिस्टर ज्ञानदेव मूळचे वर्ध्याकडचे. लहानपणी वडिलांच्या उंच काळ्या सायकलवर शिकलेले. आधी दांड्याखालून पाय घालून कैची, मग उंची वाढल्यावर टांग टाकून. म्हणजे डावा पाय पॅडलवर ठेवायचा, उजव्याने सायकल ढकलायची आणि वेग आला की उजवा पाय मागून फिरवून पलीकडे टाकायचा. उतरायचं ते याच्या उलट. पुण्याला नोकरीला आल्यावर त्यांची सायकल सुटली. डोक्यातून गेली, पायातून गेली नाही.

मी नवीन होते तेव्हा एकदा हौसेने त्यांनी माझ्यावर टांग टाकली. बूट कॅरेटवर आपटला आणि आम्ही दोघं सर्जेरावांच्या स्कूटरवर जाऊन पडलो. सर्जेराव तळमजल्यावर राहतात. पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा व्यवसाय.

"अहो, हिला दांडा कुठेय?" कल्याणी म्हणाली. "पुढून पाय काढा."

"बायकांसारखा?"

"माणसांसारखा."

ते पुन्हा बसले नाहीत.

मग तो शनिवार आला. कल्याणीने घंटी वाजवली. पिशवी सुटली, निम्म्यापर्यंत आली. कल्याणीने कपाळाला हात लावला आणि ती हँडलवर वाकली. मला वाटलं, चेन बघतेय. मग ती घसरली आणि तिच्याबरोबर मीही आडवी झाले. वर अमिनाबी हाका मारत होत्या. त्यांना जिना उतरता येत नव्हता आणि दोरी सोडायचं सुचत नव्हतं. पिशवी आमच्या डोक्यावर लोंबत राहिली. माणसं धावली, रिक्षा आली. मला कुणीतरी भिंतीला टेकवलं आणि पडलेलं पुस्तक परत कॅरेटमध्ये ठेवलं.

कल्याणी घरी परत आलीच नाही.

दिवसकार्य झाल्यावर ज्ञानदेव मला न्यायला आले. कॅरेटमध्ये त्या दिवशीचं पुस्तक तसंच होतं. वरून अमिनाबी म्हणाल्या, "कल्याणीचे मिस्टर ना? चालत नेताय?"

"ही चालवता येत नाही मला."

"ते पुस्तक माझ्यासाठी आणलेलं आहे."

"आणून देतो वर."

"नको," त्या म्हणाल्या. "पिशवीला मी त्या दिवसापासून हात लावलेला नाही. चालवत या कधीतरी. खालून घंटी वाजली, तर सोडून बघते."

ज्ञानदेवांनी मान हलवली. त्यांचा अंगठा घंटीवर होता. त्यांनी ती वाजवली नाही. घरापर्यंत मला हाताने धरून आणलं.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीमागच्या बंद गल्लीत त्यांचा सराव सुरू झाला. बसायला जमलं. मला उभी करायची, पुढून पाय घालायचा आणि निघायचं. तोल राहिला. उतरणं मात्र जमेना. सावकाश थांबताना लक्षात राहायचं. काही अचानक समोर आलं, की त्यांचा उजवा पाय विचारायला थांबत नसे, सरळ मागे जायचा. एकदा कुत्रं आडवं आलं. पाय कॅरेटमध्ये अडकला, ते हातावर पडले. मनगटाला प्लास्टर.

मुलगी पूर्णिमा वाघोलीहून आली. आईसारखीच कमी शब्दांत बोलते.

"कॅरेट काढून टाका."

"नाही."

"मग सायकल विका."

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने मला हात लावला नाही. "बाबा, हात बरा झाला की बसा. पण आणखी एकदा पडलात, तर ही जाणार. मी स्वतः भंगारवाल्याला बोलावेन. त्या हॉस्पिटलच्या बाकावर मला पुन्हा बसायचं नाही."

ज्ञानदेव म्हणाले, "चालेल."

तेव्हापासून ते माझ्यावर बसले, की माझी नळी न् नळी ताठ होते. खड्डा दिसला की मी मनातल्या मनात चाक वळवते. प्रत्यक्षात वळवणं त्यांच्या हातात.

आज शनिवार. सकाळी त्यांनी हवा भरली, ब्रेक दाबून बघितले, पुस्तक कॅरेटमध्ये ठेवलं.

"कुठवर?" सर्जेरावांनी पेपरमागून विचारलं.

"कर्वेनगर."

"रिक्षा मिळत नाही का हल्ली?"

ज्ञानदेव पुढून पाय घालून निघाले. कॉलनीतले रस्ते ठीक गेले. मुख्य रस्त्याला लागलो आणि त्यांच्या तळव्यांचा घाम माझ्या मुठींना लागला. डावीकडून स्कूटर, उजवीकडून स्कूटर. कर्वे पुतळ्याच्या चौकाआधी मागून बस आली. तिच्या इंजिनाची ऊब मला मडगार्डवर जाणवत होती.

तेवढ्यात पुढची रिक्षा जागच्या जागी थांबली. कुणीतरी हात केला होता.

ज्ञानदेवांनी दोन्ही ब्रेक आवळले. मी घसटत थांबायला लागले, आणि ज्याची भीती होती तेच झालं. सगळं वजन डाव्या पॅडलवर गेलं. उजवा पाय पॅडल सोडून मागे निघाला. बसने हॉर्न दिला. बुटाचं टोक कॅरेटच्या कडेला लागलं. आतलं पुस्तक उडालं. मी तिरकी होत होते. आता पडणार आणि मागे बस, एवढंच मला कळत होतं.

"पुढून," ज्ञानदेव म्हणाले. मोठ्याने. कुणाला, ते मी सांगू शकत नाही.

पाय तिथेच अडला. परत आला. माझ्या वाकलेल्या नळीवरून, पुढून, डावीकडे गेला आणि रस्त्यावर टेकला. ते उभे होते. मीही उभी होते.

बस आमच्या मागे टेकल्यासारखी थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "होऊ द्या काका सावकाश. आम्हाला कुठं जायचंय?"

ज्ञानदेवांनी हात वर करून माफी मागितली. मला फुटपाथच्या कडेला घेतलं. रस्त्यावर पडलेलं पुस्तक उचलून कॅरेटमध्ये ठेवलं. रिकामी रिक्षा समोर येऊन थांबली. त्यांनी तिला नको म्हटलं. थोड्या वेळाने पुढून पाय घालून पुन्हा बसले.

अमिनाबींच्या घराखाली आम्ही थांबलो. ज्ञानदेवांनी एक पाय जमिनीवर टेकवला. अंगठा घंटीवर ठेवला. मला वाटलं, याही वेळी तसाच राहणार. मग त्यांनी वाजवली.

वर काही हललं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली.

गॅलरीचं दार उघडलं. पिशवी सुटली. निम्म्यावर येऊन थांबली. ज्ञानदेव वर बघत होते, अमिनाबी खाली. मग दोरी सुटत गेली आणि पिशवी त्यांच्या हातात आली. आत त्या शनिवारी परत यायचं राहिलेलं पुस्तक होतं. ज्ञानदेवांनी ते काढून घेतलं आणि कॅरेटमधलं पिशवीत ठेवलं.

"अगदी टाकाऊ पुस्तक आहे," वरून अमिनाबी म्हणाल्या. "तिला सांगायचं राहिलं."

"मी वाचलेलं नाही."

"मग वाचा. पुढच्या शनिवारी भांडायला या."

परत आलो तर फाटकात पूर्णिमा उभी, हेल्मेट अजून डोक्यावर. सर्जेरावांनी फोन करून कळवलं होतं. ज्ञानदेवांनी तिला बघितलं, ब्रेक लावला आणि पुढून पाय काढून उतरले. पूर्णिमाने हेल्मेट काढलं. त्या फाटकात तसं उतरणारं माणूस तिने कितीतरी वर्षं बघितलं होतं.

"बाबा," ती एवढंच म्हणाली.

ज्ञानदेव तिच्याकडे गेले आणि घाईत माझा स्टँड नीट लावायचं विसरले. मी सावकाश कलले आणि फाटकालगतच्या सर्जेरावांच्या स्कूटरवर आडवी झाले.

"पडली," सर्जेराव खुर्चीतून म्हणाले. "बोलवा भंगारवाल्याला."

पूर्णिमाने मला उचललं. आईनंतर पहिल्यांदाच तिचा हात मला लागला. "अट बाबा पडण्याची होती, काका. सायकल पडण्याची नव्हती."

"आणि माझ्या स्कूटरची कोणती अट?"

तर मी इथे आहे. मडगार्ड वाकलं आहे, ते घासतं. कॅरेट जागेवर आहे. पुस्तक वर घरात गेलं आहे आणि ज्ञानदेवांच्या खोलीत दिवा दिसतो आहे.

एक मागणं आहे. एखाद्या शनिवारी सिग्नलला तुमच्या पुढे लेडीज सायकलवर पिकल्या केसांचा माणूस दिसेल, मागे निळं कॅरेट असेल. तो थांबायला जरा वेळ लावेल. हॉर्न वाजवू नका. पाय कुठून काढायचा, ते त्याला कुणीतरी सांगत असतं. त्याला ते ऐकू द्या.