शेवटच्या प्रकरणाला घातलेले टाके

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. नुसती जुनी नाही, शिवलेली. फाटलेली पुस्तकं तुम्ही पाहिली असतील, वाळवीनं खाल्लेली पाहिली असतील, भजी बांधायला गेलेलीही पाहिली असतील. पण अंगानं धडधाकट असताना जिच्या शेवटच्या प्रकरणाला काळ्या दोऱ्यानं टाके घातले, अशी कादंबरी तुम्हाला सहसा मिळायची नाही. पूर्वी मला या गोष्टीची फार लाज वाटायची. आता सांगायला हरकत नाही.

माझा जन्म इथून दूर, एका शहरातल्या छापखान्यात झाला. मी ख्रिस्ती कादंबरी. माझ्या मुखपृष्ठावर बर्फ आहे, बर्फात एक लाकडी घर आहे आणि घराच्या खिडकीत दिवा आहे. आत मार्था नावाची एक विधवा राहते. तिचा मुलगा भांडून घर सोडतो. मार्था रोज संध्याकाळी दिवा लावते, गुडघे टेकून प्रार्थना करते आणि वाट पाहते. शेवटच्या प्रकरणात, नेमका नाताळच्या दिवशी, घंटा वाजत असताना मुलगा परत येतो. त्याच संध्याकाळी कंजूष घरमालकाचं मन पालटतं आणि आंधळ्या मावशीला दिसायला लागतं. ते प्रकरण तपासताना छापखान्यातल्या एका बाईंनी पदरानं डोळे पुसले होते. तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच होते.

त्या तोऱ्यातच मी रंगीत कागदात गुंडाळून नवेगाव बांध या तलावाकाठच्या गावी आले. अल्का सिस्टर सरकारी दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली होती आणि चर्चच्या मंडळीनं तिला एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि मला भेट दिलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, माझ्या पहिल्या पानावर स्वतः लिहिलं, 'प्रिय अल्का सिस्टर यांस, विश्रांतीच्या काळात धीर मिळावा म्हणून.'

विश्रांती कसली हो! या बाईनं निवृत्तीनंतर पुस्तकांचा दवाखानाच उघडला. दर रविवारी उपासना आटोपली की पाच-सात जण तिच्या ओसरीवर जमायचे, चहा प्यायचे आणि वाचायला पुस्तकं न्यायचे. पुस्तक हातात देण्याआधी सिस्टर त्याचं निदान सांगायची. चष्मा नाकावर, पेन्सिल कानावर, आणि जिभेला हाड नाही.

"याच्यात पाळक तीन पानं बोलते," ती म्हणायची. "खरा पाळक तीन पानं बोलला तर आपण चुळबुळ करतो, मग पुस्तकातला कायले सहन करायचा?"

एका प्रेरणादायी पुस्तकात लिहिलं होतं, पहाटे चारला उठा, आयुष्य बदलेल. "मी जन्मभर रात्रपाळी केली," सिस्टर म्हणाली. "उठाले मी झोपली कधी होती?" सगळी ओसरी हसली.

तिला आवडलेलं एक पुस्तकही होतं, अगदी बारीक. त्यात दुष्काळात एका पाळकाचा विश्वास उडतो, तरी तो रोज सकाळी गावाचा हापसा हापसत राहतो. ते तिनं कितीतरी जणांना वाचायला लावलं. "याच्यात देव कमी बोलते," ती म्हणायची, "म्हणून खरा वाटते." मला त्या बारक्या पुस्तकाचा फार हेवा वाटे.

मग माझी पाळी आली. सिस्टरनं मला दोन दुपारी बसून वाचलं. मार्थाच्या एकटेपणाची पानं वाचताना ती फार हळू वाचत होती, मध्येच थांबत होती. मी मनात म्हटलं, आता शेवटाला ही रडणार. शेवट आला, आणि तिनं मला खाटेवर आपटलं!

"नाताळच्याच दिवशी काऊन येते हा पोट्टा?" ती रिकाम्या खोलीत ओरडली. "मंगळवारी येत नाई काय? आन् मावशीचे डोळे? बिना ऑपरेशनचे?"

पाळकसाहेबांची भेट, टाकून तर देता येईना. पुस्तक फाडणं तिला पाप वाटायचं. मग तिनं दाभण काढलं, काळा दोरा ओवला आणि दवाखान्यात जखम शिवावी तसं माझं शेवटचं प्रकरण शिवून टाकलं. पहिल्या टाक्याजवळ पेन्सिलीनं लिहिलं, 'इथपर्यंत वाचा. पुढे लबाडी आहे.'

माझ्यानंतर आणखी काही पुस्तकं शिवली गेली. हळूहळू मंडळीत तो रिवाजच पडला. टाके पाहिले की लोक ओळखायचे, शेवट गोड आहे. कोणी टाके उसवत नसे, कारण सिस्टरचा धाक मोठा. आणि मी? माझं सगळ्यात सुंदर प्रकरण तोंड शिवून अंधारात पडलं होतं. मला तिचा राग येई, खोटं कशाला सांगू?

पण तिच्या रागाचं मूळ मला पुढे कळलं. तिचा नवरा चंद्रशेखर किडनीच्या आजारानं गेला. तो आजारी असताना लोकांनी तिला असलीच पुस्तकं आणून दिली होती. प्रार्थना केली, आणि दुसऱ्या पानावर रोगी उठून बसला. सिस्टरनंही प्रार्थना केली. चंद्रशेखर उठला नाही. अंत्यविधीनंतर कोणीतरी तिला म्हणालं, विश्वास थोडा कमी पडला असेल. ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. "ज्याच्या घरचा शेवट गोड झाला नाई," ती पाळकसाहेबांना एकदा म्हणाली, "त्याले ही पुस्तकं सांगतात का तुझीच प्रार्थना कच्ची. मी कोणाले असं वाटू देणार नाई."

आता जमुनाबाईकडे येते. ही सिस्टरची बालमैत्रीण. तलावावरची मासोळी विकायची, देवीची भक्त, अक्षराशी तिची ओळख नाही. सकाळचा धंदा आटोपला की दुपारी सिस्टरकडे यायची, सुपारी कातरायची आणि म्हणायची, "वाच वो." सिस्टर वाचायची. कोणत्या धर्माचं पुस्तक आहे, हे जमुनाबाईनं कधी विचारलं नाही. गोष्ट कुठवर आली होती, एवढंच विचारायची.

जमुनाबाईचा मुलगा हेमेंद्र. त्याला मासेमारी करायची नव्हती, हैदराबादला कारखान्यात जायचं होतं. त्यावरून मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. जमुनाबाईनं त्याचं ताट वाढलं होतं, आणि वाढता वाढताच तोंडातून निघून गेलं, "जा! आता तोंड दाखवू नोको." पोरगा भरल्या ताटावरून उठला, पिशवी घेतली आणि बस पकडून गेला. ते ताट जमुनाबाईनं संध्याकाळपर्यंत उचललं नव्हतं. दोन वर्षं झाली, तो फोन करत नव्हता. हीही करत नव्हती. "मी माय आहो. मी काऊन करू? तो कोन लागून गेला?" असं म्हणायची, आणि मग बराच वेळ सुपारी कातरत राहायची.

भाताची कापणी सुरू होती तेव्हा सिस्टरनं तिला मला वाचून दाखवायला घेतलं. रोज थोडं थोडं. मार्था दिवा लावू लागली की जमुनाबाईचा अडकित्ता थांबायचा. शेवटी एका दुपारी मार्था उंबऱ्यावर बसली, बर्फ पडू लागला, आणि सिस्टर म्हणाली, "संपलं."

"संपलं? अन् पोरगा?"

"नाई आला."

जमुनाबाईनं मला सिस्टरच्या हातातून घेतलं. मासोळीचा वास असलेली तिची बोटं माझ्या टाक्यांवरून फिरली. "मंग हे काय शिवलं?"

"पुढं लबाडी आहे."

"कोनती लबाडी? येते का नाई तो?"

सिस्टरनं मला परत घ्यायला हात पुढे केला.

"येते!" जमुनाबाई म्हणाली. "येते म्हनून शिवलं तू! उसव."

"नाई उसवत. तुले कायले खोटी आशा लावू? उद्या नाताळ येईल, हेमेंद्र नाई आला तर?"

"मले येडी समजून राहिली काय तू?" जमुनाबाई उभी राहिली. "गोष्ट आहे हे मले नाई समजत? गोड खाल्लं म्हनून मानूस भात सोडते काय? तुह्या घरी वाईट झालं, मले दुःख आहे. पन म्हनून साऱ्या दुनियेचं तोंड शिवशील?"

सुपारीचा डबा तिथेच टाकून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या आठवड्यात सिस्टर एकही पुस्तक पुरं वाचू शकली नाही. रविवारी कोणीतरी एका पुस्तकाबद्दल मत विचारलं, तर म्हणाली, "मले काय माहीत? तुम्हीच वाचा." लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. दुपार झाली की ती सुपारीचा डबा उघडायची, बंद करायची. एकदा मला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसली. मग एकदम म्हणाली, "अवो, मी चुकली काय?" मी काय बोलणार? माझं तर तोंडच शिवलेलं.

शेवटी तिनं टाके काढायची बारीक कात्री काढली. दवाखान्यातली सवय, एकेक टाका हलक्या हातानं कापला, पानाला ओरखडाही येऊ दिला नाही. दोरा ओढून काढला तेव्हा माझ्या पानांना किती मोकळं वाटलं, मित्रांनो, ते तुम्हाला सांगता येणार नाही. मला आणि सुपारीचा डबा पिशवीत टाकून ती जमुनाबाईच्या घरी गेली.

जमुनाबाई अंगणात जाळं दुरुस्त करत होती. तिनं वर पाहिलं नाही. सिस्टर तिच्यासमोर जमिनीवरच बसली, चष्मा लावला आणि सरळ शेवटचं प्रकरण वाचायला लागली. इतक्या वर्षांनी माझं प्रकरण कोणाच्या कानावर पडत होतं!

घंटा वाजल्या. मुलगा आला. मार्थानं हंबरडा फोडला. शेजारी धावत आले, सगळ्यांनी गुडघे टेकले. एक गीत झालं, दुसरं झालं. घरमालक रडला. मावशीला दिसू लागलं. जमुनाबाईचे हात जाळ्यावर थांबले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. मला वाटलं, जिंकले! सिस्टरनं शेवटची ओळ वाचली आणि मला मिटलं.

जमुनाबाईनं नाक पुसलं. "झालं?"

"झालं."

"मंग पोट्ट्यानं खाल्लं कधी?"

सिस्टरनं चष्म्यावरून पाहिलं. "काय?"

"अवो, इतक्या दुरून आला तो! बर्फातून! सारे गानेच म्हनून राहिले. त्याले कोनी जेव म्हनलं काय? पाह्य ना, असंन कुठं लिहिलेलं."

सिस्टरनं खरंच माझी पानं उलटून पाहिली. पुन्हा पाहिली. कुठेच नव्हतं. तिला हसू फुटलं. जमुनाबाईही रडता रडता हसू लागली, आणि दोघी म्हाताऱ्या अंगणात लोटपोट झाल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या त्या सुंदर प्रकरणात भाकरीचा एक तुकडासुद्धा नव्हता!

हसता हसता जमुनाबाई गप्प झाली. "माहा बी उपाशीच गेला वो," ती म्हणाली. मग हात पुसून तिनं कमरेच्या पिशवीतला फोन काढला. त्यावर हेमेंद्रचा फोटो होता. फोटोवर तिनं अंगठा दाबला. फोन वाजत राहिला, वाजून वाजून बंद झाला. सिस्टरनं जमुनाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. जमुनाबाईनं पुन्हा अंगठा दाबला.

"हॅलो?" पलीकडे यंत्रांची घरघर होती.

दोन वर्षांत हिनं काय काय बोलायचं ठरवलं होतं, कोणास ठाऊक. त्यातलं एकही वाक्य निघालं नाही.

"जेवला काय रे?"

पलीकडची घरघर जरा लांब गेली. मग पोरगा म्हणाला, "नाई, मा. आता जाऊन राहिलो." आणि थोडं थांबून, "तू?"

मित्रांनो, हेमेंद्र अजून आलेला नाही. नाताळ येऊन गेला, मंगळवारही कितीतरी गेले. पण दुपारी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत फोन येतो आणि तेवढ्यापुरतं सिस्टरला वाचन थांबवावं लागतं. सिस्टरची मतं काही बदलली नाहीत. माझी मावशी बिना ऑपरेशनची बरी होते, यावरून मला आजही बोलणी बसतात. मात्र आता ती कोणालाच टाके घालत नाही. 'वाचा, आणि येऊन माझ्याशी भांडा,' एवढंच सांगते. ज्यांना शिवलं होतं त्या सगळ्यांचे दोरे तिनं काढले. माझा दोरा माझ्यातच खूण म्हणून ठेवला आहे.

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. एखादं पुस्तक पटलं नाही, तर त्याच्याशी खुशाल वाद घाला, खाटेवर आपटायचं असेल तर जरा हळू आपटा, पण त्याचं तोंड बंद करू नका. कोणाला त्यातलं काय लागेल, हे आम्हा पुस्तकांनाही माहीत नसतं. आणि तुमच्या घरून कोणी भरल्या ताटावरून उठून गेलं असेल, तर मार्थासारखा नुसता दिवा लावून बसू नका. तुमच्याकडे फोन आहे.

सिस्टरनं माझ्यावरची ती जुनी ओळ खोडरबरानं पुसली. 'लबाडी' हा शब्द अजून थोडा दिसतो, कारण तिनं तो फार दाबून लिहिला होता. पुढे, मुलगा दारात उभा राहतो आणि घंटा वाजू लागतात त्या ओळीपाशी, समासात तिच्या पेन्सिलीनं नवं लिहिलं आहे: 'गाणी नंतर. आधी त्याला जेवू घाला.'