थांबलात की मी येते

मी जाहिरात बोलतेय. अहो, पळू नका! गाणं रंगात आलं की मध्येच टपकणारी ती मी नव्हे. तुम्ही स्वतःहून व्हिडिओ थांबवलात तरच मी येते आणि पुन्हा सुरू केलात की मुकाट्याने जाते. इतकी शहाणी मुलगी शोधून सापडायची नाही.

माझं मूळ डब्लिनचं. तिथल्या ब्युमॉन्ट भागातल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा गणपती बसतो. सगळ्या आरत्या कुणालाच पाठ नाहीत, म्हणून त्या व्हिडिओवर लावतात. एका वर्षी ऐन आरतीत गादीची जाहिरात घुसली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आरतीत टाळ्या थांबवायच्या कशा? लोकांनी भक्तिभावाने गादीच्या गाण्यावरही ठेका धरला.

मागाहून प्रसादाची भांडी आवरताना मंडळातली यामिनी वैतागून म्हणाली, जाहिरातीने आम्ही थांबल्यावर यावं, जेवत्या ताटावरून माणसाला उठवू नये. ती व्हिडिओच्या कंपनीत कामाला; तिच्याच ऑफिसातल्या अभिजितने ते ऐकलं आणि खपून खपून मला घडवलं.

मी लोकांना आवडले आणि इथेच माशी शिंकली. कंपनीच्या समारंभात माझा शोध लावणाऱ्याचं एकच नाव पुकारायचं होतं. यामिनी म्हणे, कल्पना माझी. अभिजित म्हणे, कल्पना काय, चहा पितानाही सुचतात; राबलो मी. आयरिश साहेबाने दोघांचं ऐकून घेतलं, "ग्रँड", म्हणजे तिकडचं 'बरं बरं', म्हणाला आणि चहा करायला सटकला.

निकाल राहिला बाजूला, दोघांची बोलाचालच बंद झाली. इतकी वर्षं दोघं मिळून गणपती बसवायची. "यंदा मी हॉलवर यायची नाही," असं यामिनीने कळवून टाकलं. मला फार वाईट वाटलं. माझ्यापायी एवढी जुनी मैत्री तुटणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

नशीब, तिची आई वासंतीकाकू नागपूरहून आल्या होत्या. "भांडण हापिसातलं न बाई, मंग गणपतीवर कायले राग?" म्हणत त्यांनी लेकीला ओढतच हॉलवर आणलं.

तोवर आरती सुरू झाली होती. दारात यामिनी दिसताच अभिजितने झटकन व्हिडिओ थांबवला.

"थांबा जरा. यामिनी आत आल्याशिवाय आरती पुढे जायची नाही."

तिचा चेहरा निवळला. पण व्हिडिओ थांबला ना! मग मी हजर. भल्यामोठ्या पडद्यावर, गणपतीच्या मागे, तीच मेली गादी.

काकूंनी डोळे वटारले. "आरतीत हे ध्यान कोनाचं?"

"ह्याचं," यामिनी म्हणाली.

"हिचं," अभिजित म्हणाला.

दोघं एकदमच बोलली. सगळा हॉल हसत सुटला आणि हसता हसता यामिनीने डोळे पुसले. मग दोघांनी जोडीने आरतीचं ताट धरलं. दुसऱ्या दिवशी साहेबाला त्यांनी सांगून टाकलं, नावं पुकारायची तर दोन्ही, नाहीतर एकही नको.

तेव्हा मंडळी, एवढं ऐका. आरती चालू असताना उगाच व्हिडिओ थांबवू नका, मलाही लाज आहे. पण दारात एखादं रुसलेलं माणूस दिसलं, तर खुशाल थांबवा. माझी फजिती झाली तर होऊ दे.