बुरशीची डॉक्टर

काळूरामची हौस म्हणजे नुसता कहर! लेकीला, रंजिताला, पीएच.डी.च्या मुलाखतीचं बोलावणं काय आलं, यानं अंजूरच्या नाक्यावर दहा फुटी बॅनर ठोकला, 'डॉ. रंजिता यांचे हार्दिक अभिनंदन!' अहो, अजून मुलाखत व्हायची होती, प्रवेश मिळायचा होता, पुढं पाच वर्षं घासायची होती. आणि विषय कोणता? तर बुरशीची पेशी टोकाकडून कशी वाढते! पण बॅनरवर एवढं कोण लिहितो?

झालं, गाव औषध विचारायला लागलं. रविवारी शेजारचे चिंधूकाका आले. त्यांना डायबेटिस जुनाच. "गो बाय, नाक चोंदलंय, गाल बधिर झालाय," म्हणाले. रंजिता मुलाखतीची तयारी करत होती, आणि मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. "सर्दी असेल काका, वाफ घ्या," म्हणत तिनं दार लावून घेतलं.

मंगळवारी अकराला ऑनलाइन मुलाखत. साडेनऊला ती तयार होऊन लॅपटॉप उघडते, तोच काकांना धरून कमळकाकू दारात. काकांचा गाल टम्म सुजलेला, डावी पापणी मिटलेली.

"तू सांगलंस तसा वाफारा घेतला," ते म्हणाले. "पन डोला उघडत न्हाय गो."

तिनं त्यांना तोंड उघडायला लावलं आणि मोबाइलच्या टॉर्चनं पाहिलं. टाळूवर काळा डाग होता.

डायबेटिस, बधिर गाल, काळी टाळू. देवा रे, हेच तर ती दोन वर्षं वाचत होती! बुरशीचा धागा तासागणिक पुढं सरकतो, नाकातून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत. आणि तिनं त्याला दोन दिवस दिले होते.

तिनं रस्त्यावर पळत जाऊन रिक्षा आणली. काका-काकूंना घेऊन ती ठाण्याच्या हॉस्पिटलात पोचली. अकराला फोन वाजला, तिनं कट केला. पुन्हा वाजला. मग तिनं बंदच करून टाकला.

सर्जननी काकांकडून सगळं ऐकून घेतलं, नाकात दुर्बीण घालून पाहिलं आणि मग ते बाहेर आले. "काळी बुरशी आहे. डोळा बहुतेक काढावा लागेल. जिवाचं ऑपरेशननंतरच सांगता येईल. दोन दिवस घरी कशाला बसलात? वाफ घ्या म्हणून कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाय साहेब," काकू घाईनं म्हणाल्या. "आमी आमच्याच मनानं घेतली."

रंजिताला वाटलं, गप्प बसावं. फार वाटलं.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

सर्जननी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही काय शिकता?"

"बुरशी," रंजिता म्हणाली.