खांब दोन बोटं वाढला

गुरुवारी मारुतीच्या मंडपात इतकी गर्दी व्हायची, की तिथे रोज पत्ते कुटणाऱ्यांनाही उन्हात उभं राहावं लागे. मेहकरजवळच्या आमच्या गावात दोरेबाबा आले होते आणि खुरटलेली लेकरं वाढवून देत होते. बाबा लेकराला टाचेपासून टाळूपर्यंत पीळदार सुती दोऱ्याने मोजत, दोरा तोडून तांब्यातल्या हळदीच्या पाण्यात ठेवत. पुढच्या गुरुवारी तोच ओला दोरा टाचेपासून लावला, की कपाळापर्यंतच पोचे. लेकरू दोन बोटं वाढलेलं. मग पुढच्या खेपेसाठी नवा दोरा. बाया हात जोडत.

सहा वर्षांची छकुली जन्मली तेव्हा पावणेदोन किलोची होती, आणि अजून अंगणवाडीतल्या पोरांएवढीच दिसे. तिला आजी सरस्वतीबाई घेऊन आल्या; मागे सून मंजुश्री, मान खाली घालून.

"वाढीले पोटातच गाठ बसली हाये," बाबा म्हणाले. "सुनेनं ग्रहणात विळी धरली असन. मी गाठ सोडतो. अंडं, दाळ बंद. भारानं वाढ दबते. अन् टेप लावाचा नाही, नजर लागते."

शेवटची अट मला फार आवडली. गिऱ्हाइकाने स्वतःचा तराजू आणलेला कोणत्याच दुकानदाराला खपत नाही.

तीन महिने छकुली दर गुरुवारी दोन बोटं वाढली. या हिशेबाने ती एव्हाना बापाच्या खांद्याला लागायला हवी होती. तिचा फ्रॉक मात्र आखूड होईना; उलट खांद्यावरून घसरू लागला.

एकदा मंजुश्री शाळेच्या ड्रेसचं कापड शिवण्याआधी बादलीत बुडवत होती. सरस्वतीबाई म्हणाल्या, "चांगलं भिजू दे वं. नाही तं मंग आटते."

मंजुश्रीचा हात पाण्यातच थांबला.

पुढच्या गुरुवारी तिने बाबांच्या रिळाचा दोरा मंडपाच्या खांबाला लावला, जमिनीपासून खिळ्यापर्यंत. तोडला, बाबांच्याच तांब्यात बुडवला, पुन्हा लावला. दोरा खिळ्याच्या दोन बोटं खाली.

"बाबा, खांब वाढला काय?"

"खांबालेही कृपा लागू पडली," पत्तेवाल्यांतले भाऊराव म्हणाले. मंडप हसला.

"बाई, तुह्या हातात दोष हाये," बाबा म्हणाले. पण तोवर दोन-तीन आयांनी आपापले दोरे भिजवायला घेतले होते.

ते हसू मेहकरच्या दवाखान्यात टिकलं नाही. शाळेतल्या तपासणीपासून छकुलीची उंची हललीच नव्हती आणि वजन उतरलं होतं.

डॉक्टर बाळंतपणाचे जुने कागद बघत म्हणाले, "गरोदरपणात सुनेचं बीपी वाढलं होतं. वारेतून बाळाला पुरेसं पोषण पोचलं नाही. ग्रहणाचा संबंध नाही. अशी बरीच मुलं पहिल्या दोन वर्षांत ही तूट भरून काढतात. काही मागे राहतात, त्यांना लवकर तपासावं लागतं. काहींना वाढीची इंजेक्शनं लागतात. हिला आणायला उशीरच झाला."

"पण वाढन न पोरगी?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"किती, ते तपासल्यावरही नक्की सांगता येणार नाही. आधी जेऊ घाला."

सरस्वतीबाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. "अंडं मीच बंद केलं," त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या.

तुमच्या घरी लेकरू लहान जन्मलं असेल, तर चौकटीवर त्याच्या उंचीची खूण करा, सहा महिन्यांनी दुसरी. खूण सरकत नसेल तर दवाखाना गाठा. आणि मोजायलाच जो मना करतो, त्याच्या दारातून लेकरू उचलून परत आणा.

दवाखान्यातून निघताना छकुलीने डॉक्टरांच्या टेपचं टोक चिमटीत धरलं.

"हा आटत नाही न?"