उलटं फिरणारं चाक

अकरा महिने झाले, दोघा भावांत अबोला होता. कारण विचाराल तर हसू येईल. थोरला गाड्यांचा मिस्त्री, धाकटा ड्रायव्हर. एकदा शेडमध्ये चार गिऱ्हाइकांदेखत थोरला बोलून गेला, "तुला गाडी चालवता येते, कळत नाही." बस, एवढंच. धाकट्याने हातातलं फडकं बाकावर टाकलं आणि चालता झाला. घर एकच, नळ एकच, जेवायची वेळही एकच. पण बोलायचं ते सगळं आईमार्फत. "त्याला सांग, मोटर बंद कर." "त्याला म्हणावं, मला ऐकू येतं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही अजून धडधाकट होता.

आई बिचारी निरोप पोचवायची, पण निवडून. धान्यातले खडे काढावेत तसे ती दोघांच्या बोलण्यातले टोमणे वेचून टाकायची आणि उरलेलं पुढे सरकवायची. त्यामुळेच घर टिकलं होतं, असं तिला वाटायचं. खोटं नव्हतं ते.

त्या सकाळी ती शेडमध्ये आली आणि म्हणाली, "अरे, गाडीचं मागचं लॉक अडकलंय म्हणतोय तो. परवा चिखलात लावलं होतं, ते सुटेचना. खालच्या वीजकेंद्रातून सहा माणसं वर आणायचीत त्याला, दहाच्या आत निघायचंय."

बाहेर ती जुनी जीप उभी होती आणि धाकटा फाटकापाशी, शेडकडे पाठ करून.

थोरल्याला त्या गाडीचा प्रत्येक खिळा माहीत होता. वडिलांच्या हाताखाली दोघं तिच्यावरच काम शिकले होते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून मागची दोन्ही चाकं आपापल्या वेगाने फिरायला मोकळी असतात. चिखलात एकच चाक जागच्या जागी गरगरायला लागलं की लॉक लावायचं. मग दोन्ही चाकं एकजिवाने फिरतात आणि गाडी बाहेर निघते. पण नंतर ते सुटलं नाही, तर डांबरी रस्त्यावर गाडी वळायचं नाव घेत नाही. स्टिअरिंग फिरवा, ती आपली नाकासमोर जाते. आणि वीजकेंद्राकडे उतरणाऱ्या घाटात आठ वळणं होती, प्रत्येक वळणावर नाकासमोर दरी.

तो गाडीखाली सरकला. लॉकची दांडी गंजून चिकटली होती. तेल सोडलं, लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने हलकेच ठोकलं, पुन्हा तेल, पुन्हा ठोके. अर्ध्या तासाने दांडी खट्कन जागेवर आली. बाहेर येऊन त्याने चावी फिरवली आणि लॉकच्या दिव्याकडे पाहिलं. हा लाल दिवा त्याने स्वतः बसवला होता. लॉक लागलेलं असलं की पेटतो, सुटलं की विझतो. दिवा विझलेला होता.

वडील असते तर एवढ्यावर सोडलं नसतं. "दिव्याला काय कळतंय?" ते म्हणायचे. "दांडी येते जागेवर, आतले दात सुटतातच असं नाही. चाकं उचला." मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची, गाडी गिअरमध्ये ठेवायची, एका चाकापाशी थोरला, दुसऱ्यापाशी धाकटा. थोरल्याने आपलं चाक हाताने फिरवायचं. पलीकडचं उलट्या दिशेने फिरलं की धाकट्याने ओरडायचं, "उलटं!" म्हणजे लॉक सुटलं. चाक हललंच नाही, तर अजून अडकलेलंच आहे. लहानपणापासून हे काम दोघांचं होतं. एकट्यालाही जमलं असतं म्हणा, पण त्या गाडीपाशी एकट्याने ते कधीच केलं नव्हतं.

जॅक हाताशीच होता. फक्त "छोट्या, इकडे ये" एवढं म्हणायचं होतं.

थोरल्याने फाटकातल्या त्या पाठीकडे पाहिलं. आधी आपण का बोलायचं? त्याने बॉनेटवर थाप मारली आणि आईला म्हणाला, "सांग त्याला, झालं."

जीप फाटकातून वळली तेव्हा सिमेंटच्या पट्ट्यावर मागचं टायर चिरकलं. बारीकच आवाज. थोरल्याने तो ऐकला. जमीन ओली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

आईने चहा आणला. कप त्याच्या हातात देत ती सहज म्हणाली, "सकाळी किती बडबडत होता. म्हणे, त्याला सांग, दिव्यावर जाऊ नकोस, बल्ब मी काढून टाकलाय, त्याने बसवलेला दिवा मला बघवत नाही. म्हटलं, सकाळी सकाळी कशाला ते वाकडं बोलणं सांगायचं?"

थोरल्याच्या हातातला कप तसाच राहिला. मग त्याने तो खाली ठेवला आणि फोन उचलला. दोन रिंग वाजल्या आणि तिकडून कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. अबोला फोनवरही काटेकोर पाळला जात होता.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

उत्तर द्यायला तो थांबला नाही. मोटरसायकलला किक मारून तो फाटकाबाहेर पडला.

पहिल्या वळणावर डांबरावर घासलेल्या टायरची काळी रेघ होती, वीतभर. दुसऱ्यावर हातभर. तिसऱ्यावर रेघ पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेली होती. म्हणजे इथे गाडी वळायला नकोच म्हणत होती आणि त्याने ओढून वळवली होती. मग थांबला का नाही हा? थांबेल कसा, भावाने "झालं" म्हणून सांगितलं होतं ना. अबोला असला तरी भावाच्या कामावरचा विश्वास काही गेला नव्हता. हे कळलं आणि थोरल्याचे डोळे जळजळले. मी मारलं त्याला, असं तो हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणाला.

चौथ्या वळणावर रेघा वळल्याच नव्हत्या. त्या सरळ कडेच्या खडीत गेल्या होत्या.

कठड्याचा एक दगड गायब होता. त्या खिंडारात जीप अडकून राहिली होती. पुढचं उजवं चाक दरीवर, मागचं डावं चाक जमिनीपासून वीतभर वर. आत धाकटा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता. इंजिन चालू होतं. त्याने मान वळवली नाही.

"दादा," तो म्हणाला. अकरा महिन्यांनी. "ब्रेक सोडला तर जाईल ही."

"हँडब्रेक?"

"ओढलाय. धरत नाहीये. उडी मारू?"

"दार दरीकडे आहे. हलू नकोस."

एक चाक हवेत. लॉक नसेल, तर रिव्हर्स टाकल्याबरोबर सगळा जोर त्या हवेतल्या चाकात जाणार, ते नुसतं गरगरणार आणि गाडी खाली. लॉक असेल, तर खडीवरचं चाकही तितक्याच जोराने ओढणार. ज्या लॉकने इथवर आणलं, तेच आता लागलेलं हवं होतं. आणि ते बघायला दिवा नव्हता. हाताने चाक फिरवून बघावं, तर ब्रेक दाबलेला.

"दादा, लॉक लागलंय का?"

थोरल्याला ठाऊक नव्हतं. या खडीच्या धक्क्याने सुटलंही असेल. त्याला फक्त मागच्या तीन वळणांवरच्या रेघा ठाऊक होत्या.

"लागलंय," तो म्हणाला. "रिव्हर्स टाक. क्लच अर्धा सोड, ती मागे ओढायला लागली की मगच ब्रेक सोड. छोट्या, मी इथेच आहे."

तो मागच्या बंपरला दोन्ही हातांनी लटकला, जणू त्याच्या वजनाने काही होणार होतं. इंजिन गुरगुरलं. खडी त्याच्या नडगीवर सपासप बसली. हवेतलं चाक आणि जमिनीवरचं चाक, दोन्ही एकसारखी फिरली आणि जीप मागे आली. हातभर, दोन हात. पुढचं चाक कडेवर चढलं, मागची दोन्ही डांबराला टेकली.

तेवढ्यात गाडीच्या पोटातून आवाज आला. ठक्.

दोघांनाही तो आवाज माहीत होता. मागे घेतल्यावर ताण सुटतो आणि अडकलेले दात मोकळे होतात. लॉक आत्ता सुटलं होतं. दोन हात आधी सुटलं असतं तर?

धाकटा खाली उतरला आणि रस्त्यातच बसला. थोरला त्याच्या शेजारी.

"बल्बचं मी आईला सांगितलं होतं," धाकटा म्हणाला.

"माहीत आहे. चाकं उचलायला मी तुला हाक मारायला हवी होती."

"तिला यातलं काही सांगायचं नाही."

"नाही."

वीजकेंद्राला फोन करून त्यांनी दुसरी गाडी मागवायला सांगितली आणि पायी चालण्याच्या वेगाने जीप वर आणली. शेडमध्ये आल्यावर थोरल्याने जॅक लावला. चाकं उचलली. त्याने आपल्या बाजूचं चाक हाताने फिरवलं.

"उलटं," पलीकडून धाकटा म्हणाला.

आई दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. बंपरवरचा पांढरा ओरखडा तिने पाहिला, थोरल्याच्या फुटलेल्या नडग्या पाहिल्या.

"मी काही सांगायचं राहिलं होतं का रे?" तिने विचारलं.

"नाही," दोघं एकदमच म्हणाले.

तिला काय ते कळलं आणि ती पायरीवर बसली. अकरा महिन्यांत ते दोघं असं एकदम काहीच बोलले नव्हते.